तीन दिवसांची सूट

मुरबे, ता. २१ ऑगस्ट २०२४

चि. जितेशास अनेक आशीर्वाद.

मी साखरबाई. तुझी आजी. मुरब्यात राहते, दर्याच्या बाजूला, लहानपणी तुला जिथे खेकडा चावला होता तिथेच. हे सगळं सांगावं लागतं, कारण नारळी पुनव येऊन गेली, अख्ख्या गावाने दर्याला नारळ दिला, आणि तुझा साधा फोन नाही. म्हटलं, पोराला घर विसरायला झालं असेल. पत्ता तरी कळवावा.

मी मुद्दाम फोन करत नाही. फोनवर तू ‘मीटिंगमध्ये आहे आजी’ म्हणतोस. कागद मीटिंगमध्ये नसतो. शेजारची इंदुबाई लिहून घेते आहे. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांना ‘अ’ शिकवला तिने, माझ्यापुढे मात्र हात टेकले. मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते, ‘नाय’चं ‘नाही’ करते. करू दे. शिवी मात्र जशीच्या तशी उतरवायची असं आमचं ठरलं आहे.

तुझा भाऊ कैलास रविवारी आला होता. सरावलीच्या खोलीतला त्याचा जोडीदार, तो बिहारचा कुंदन, तोही बरोबर होता. दोघे बोईसरला मेहुलशेठच्या कारखान्यात तुमच्या कंपनीच्या विजेच्या स्कूटरच्या बॅटऱ्या भरतात. कैलासने मला सगळं समजावलं. पत्र्याचा डबा, त्यात बोटाएवढे सेल शेकड्याने उभे करायचे, वरून लेप ओतायचा, लेप सोळा तास सुकवायचा, मग झाकण. मी म्हटलं, मग आमच्यासारखंच की. बोंबील सुकवायचा, मग पोत्यात भरायचा. ओला भरला तर पोतं सडतं. तर म्हणतो, ‘आजी, तुजा पोतं सडते. आमचा डबा पेटते.’

कुंदनला मी बोंबील पारखायला शिकवला. दोन बोटांत धरून वाकवायचा. कट्‌कन मोडला तर खरा. वाकला तर खोटा, वरून सुका नि आतून ओला. ते पोरगं तासभर माझे बोंबील मोडत बसलं आणि दर वेळी ओरडत होतं, ‘टूटा दादी, टूटा!’ आता माझ्याकडे सगळे अर्धेच बोंबील उरले आहेत.

कामाची गोष्ट पुढे. तू मेहुलशेठला सूट दिलास म्हणे. जेवताना कैलास कुंदनला सांगत होता, ‘दादाची सूट आली तवापासून समदा बिघडला.’ इंदुबाई म्हणते, सूट ‘आला’ म्हणायला हवं. मी म्हटलं, बोईसरला राहून पोराच्या तोंडी कपडेसुद्धा बाई झाले. पण काय रे, शेठला सूट, आणि आईबापामागे जिने तुम्हा दोघांना वाढवलं तिला एक लुगडंही नाही? आणि सुटाने बिघडलं ते काय? काखेत उसवला का?

दादू म्हातारा गेला मागच्या सोमवारी. तोच दादू, ज्याच्याबरोबरच्या मारामारीत तुझ्या आजोबांचा उजवा हात वल्ह्याने मोडला. लहानपणी तू ती गोष्ट रोज मागायचास, रक्त जास्त घालून. मी मयताला गेले. रडलेसुद्धा. का, ते पुन्हा कधी.

तुझी आजी,
साखरबाई (अंगठा खरा आहे, शाई इंदुबाईची)

---

चाकण, ता. २९ ऑगस्ट २०२४

प्रिय आजी,

पत्र वाचून हसलो आणि लाजही वाटली. पुनव विसरलो, खरं आहे. दसरा-दिवाळीची मागणी आली आहे, इथे कोणाला वार आठवत नाही.

तू नेहमी विचारतेस ना, तुझं काम काय, तर सांगतो. माझं काम म्हणजे दोन होड्यांमधला दोर. एक होडी आमची कंपनी, दुसरी मेहुलशेठसारखे माल देणारे. पूर्वी माल घ्यायचा, चुकला तर तोंडावर फेकायचा. आता तसं नाही. आता पुरवठादार म्हणजे भागीदार. त्यांच्या सुकवायच्या खोलीचे आकडे मला इथे बसून पडद्यावर दिसतात. त्यांची अडचण आम्ही ऐकायची, आमची त्यांनी. साहेब त्याला सहकार्य म्हणतात, आणि बोईसरचं सहकार्य सगळ्यांत चांगलं म्हणून मला मानपत्रही मिळालं.

हो, शेठना सूट मीच दिला. काखेत थोडा घट्ट झाला असेल. तुला लुगडं पाठवतो, हिरवं.

सोबत कैलासला वेगळी चिठ्ठी आहे. तेवढी बंदच त्याच्या हातात दे. इंदुबाईंना वाचायला लावू नकोस, भावाभावांचं आहे.

तुझा,
जितेश

(सोबतची चिठ्ठी)

कैलास, मी सूट दिली होती ती तीन दिवसांची. बारा ते चौदा जुलै. सुकवणीची खोली बिघडली होती म्हणून तेवढ्या मालापुरतं सोळा तासांऐवजी सहा तास चालेल, असं सही करून दिलं. आजीच्या पत्रावरून कळतं की शेठ अजून त्याच कागदावर माल काढतात. माझ्या पडद्यावर मात्र रोज सोळा तासच दिसतात, म्हणजे आकडा कोणीतरी हाताने भरतं. हे बाहेर आलं तर पहिली सही माझी सापडेल. मी शेठशी बोलतो. तोवर तू तोंड उघडू नकोस. — दादा

---

मुरबे, ता. १४ सप्टेंबर २०२४

चि. जितेशास आशीर्वाद.

हिरवं लुगडं पोचलं. अजून नेसले नाही. घडी मोडायची इच्छा होईना, कारण त्याच दिवशी कैलास आला आणि माझ्या ओसरीवर दोन दात ठेवले. त्याचेच. वर्तमानपत्रात बांधून आणले होते, जसे बाजारातून चार बोंबील आणावेत.

मी त्याला न्हाणीत बसवलं आणि धुतला. पाणी तीन वेळा लाल झालं. डावा कान कोबीच्या पानासारखा सुजलेला. पाठीवर पट्टे, एकाला एक चिकटून. मोजायला गेले तर माझे आकडे संपले. विचारलं, कोण रे तो भाडखाव? (इंदुबाई, लिही.) तर ठेकेदार खंडेराव. तुमच्या शेठचा माणूस.

झालं असं. बुधवारी कैलास झाकणाच्या मशीनपुढे उभा राहिला. म्हणाला, ‘लेप ओला हाय. झाकण नाय लावणार.’ खंडेराव म्हणाला, कागद आहे, वरून सही आहे. कैलास म्हणाला, ‘ती सही माज्या भावाची हाय, माला नको दाखवू.’ तेव्हा खंडेरावाने सुकवणीच्या ट्रेची लोखंडी पट्टी काढली. दोघांनी कैलासचे हात धरले आणि खंडेरावाने मारलं, डबे पुढे सरकत होते त्याच तालात, एक डबा एक पट्टी. बाकीचे बघत होते. एकटा कुंदन मध्ये पडला, त्याचंही कपाळ फुटलं. त्यानेच कैलासला मोटारसायकलवर स्वतःच्या पाठीशी बांधून इथवर आणला. येताना रडत होता. मी त्याला वाटीभर पेज दिली तर म्हणतो, ‘दादी, वो नहीं टूटा.’

कैलासच्या खिशात त्या लेपाचा एक तुकडा होता, झाकणाखालून काढलेला. मी दोन बोटांत धरला आणि वाकवला. जितेश, तो वाकला. आतून ओल्या बोंबलासारखा वाकला. मला बॅटरीतलं काही कळत नाही, पण हे कळतं.

तुझी चिठ्ठी मी बंदच दिली होती. त्याने परवा ती माझ्यासमोर पुन्हा वाचली, फुटक्या तोंडाने हसला, आणि घडी करून माझ्या सुक्या मासळीच्या डब्यात ठेवली. ‘आजी, याला जप,’ म्हणाला. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही. कैलास म्हणतो, दादा शेठशी बोलणार होता. मला एवढंच सांग, बोललास का? सोमवारी ही दोघं पुन्हा कामावर जाणार. नको म्हटलं तर कैलास म्हणतो, ‘मी नसलो तर ओला डबा थांबवायला तिते कोण हाय?’

साखरबाई

---

चाकण, ता. २२ सप्टेंबर २०२४

प्रिय आजी,

कैलासचं वाचून जेवण गेलं नाही. मी शेठशी बोललो. फार चिडून बोललो. खंडेरावाला समज देतो म्हणाले. सुकवणीची दुसरी खोली बसवायला घेतली आहे, दिवाळीपर्यंत होईल. तोवर सांभाळून घ्या म्हणाले.

आजी, तू रागावशील, पण ऐक. दसऱ्याला इथून चार हजार स्कूटर निघायच्या आहेत. एक पुरवठादार थांबला तर सगळी साखळी थांबते, आणि थांबवणाऱ्याचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं. दिवाळीपर्यंत सगळ्यांनीच थोडं सांभाळायचं आहे. कोणता डबा फुगलाच तर तिथल्या चार्जिंगच्या खोलीत आधी कळतो, रस्त्यावर येत नाही. त्यासाठीच ती खोली आहे.

कैलासला महिनाभर माकुणसारला आत्याकडे पाठव. तो मुद्दाम अंगावर घेतो. लहानपणीही असाच होता.

जितेश

---

मुरबे, ता. ९ ऑक्टोबर २०२४

जितेश,

डबा फुगल्याचं आधी चार्जिंगच्या खोलीत कळतं, असं तू लिहिलं होतंस. कळलं.

शनिवारी सकाळी, साडेदहाच्या चहाच्या आधी. खोलीत दोनशे डबे चार्जिंगला लावलेले आणि कुंदन एकटा आत, वायरी काढत. एका डब्याचं झाकण उडालं ते छतातून आरपार गेलं. मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. बाहेर उभ्या असलेल्या बायका सांगतात, दिवाळीतली माळ लागावी तसे आवाज येत होते, आणि प्रत्येक आवाजामागे एक किंकाळी. मग नुसते आवाज. बाजूच्या दाराला खंडेरावाने साखळी घातली होती, पोरं बिडी प्यायला जातात म्हणून. पुढचं शटर अर्ध्यात वाकून अडकलं.

कैलासने शटर उचलायला दोन्ही हात घातले. तापलेला पत्रा. हात तिथेच चिकटले, तरी उचलत होता. टीचभर उचललं असेल, तेवढ्यात खालून कुंदनचा हात आला, कोपरापर्यंत. कैलासने तो धरला आणि ओढला. कातडी निघून त्याच्या हातात आली, हातमोज्यासारखी. कुंदन आतच राहिला.

इंदुबाई लिहायची थांबली आहे. मी तिला पाणी दिलं. मी थांबत नाही.

कैलास पालघरला दवाखान्यात आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले, अर्धा चेहरा काळा, डोळा वाचेल म्हणतात. खाटेपाशी पोलीस बसवला आहे. मी म्हटलं, बाबा, याला कोणी मारायला येणार आहे का? तर पोलीस म्हणाला, आजी, आरोपी आहे तो. शेठने लिहून दिलं आहे की कैलासने आधीही मशीन अडवलं होतं, भांडखोर आहे, आणि रागाच्या भरात त्यानेच ट्रे वेळेआधी काढले. पाठीवरचे वळ ज्याने दिले, तोच आता त्यांचा साक्षीदार. खंडेराव!

तो साक्षीदार सोमवारी दवाखान्याच्या ओसरीवर भेटला. हातात सफरचंदं, कैलासला बघायला म्हणून. माझ्या हातात पेजेचा पितळी डबा होता, तोच, तुझ्या आईच्या रुखवतातला. मी त्याला ‘बस रे बाबा’ म्हटलं. तो बसला. मी तो डबा त्याच्या तोंडावर घातला. नाक मोडल्याचा आवाज आला, कट्, अगदी सुका. दुसरा घाव कपाळावर. तिसऱ्याला मला धरलं. पेज वाया गेली. पोलिसाने माझं नाव लिहून घेतलं, वय विचारलं, तर म्हटलं, मला आकडे येत नाहीत, याच्या पाठीवर पट्ट्या मोजायला दे, शिकते.

तू ये. बाकी काही लिहायचं नाही.

आजी

---

चाकण, ता. १३ ऑक्टोबर २०२४

प्रिय आजी,

मी येऊ शकत नाही. कंपनीचे वकील म्हणतात, चौकशी संपेपर्यंत तिथे फिरकू नका. आम्हा सगळ्यांचे जबाब तेच लिहून देतात, आम्ही सही करतो. कैलाससाठी मी इथून चांगला वकील बघतो आहे. मी नोकरीत राहिलो तरच त्याला मदत करू शकेन, हे तू समजून घे.

एक महत्त्वाचं. कैलासने ठेवायला दिलेली चिठ्ठी तुझ्या डब्यात असेल. ती चुलीत घाल. तिचा काही उपयोग नाही, उलट ती सापडली तर कैलासच अडकेल. इंदुबाईंनाही दाखवू नकोस. जाळल्यावर मला फक्त ‘लुगडं नेसले’ एवढं कळव, मी समजेन.

तुझा,
जितेश

---

मुरबे, ता. १७ ऑक्टोबर २०२४

जितेश,

लुगडं नेसले नाही.

पुनव विसरणारा, घर विसरणारा नातू, आणि एका चिठ्ठीचा डबासुद्धा लक्षात ठेवतो! म्हटलं, ही चिठ्ठी बघायलाच हवी. इंदुबाईने चष्मा पुसला आणि वाचली. मासळीचा वास लागला होता चिठ्ठीला. मी पुन्हा वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा.

तर सूट म्हणजे कपडा नव्हे. कैलास ‘आली’ म्हणाला तेच बरोबर होतं, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या हसलो. तूही हसलास. ‘काखेत घट्ट झाला असेल’ असं लिहिलंस आणि त्याच लिफाफ्यात ही चिठ्ठी घातलीस. चाळीसेक दिवस होते रे तुझ्याकडे. त्या चाळीस दिवसांत कैलासचे दात होते. कुंदन होता.

ही सापडली तर कैलास अडकेल म्हणतोस. मला अक्षर येत नाही, पण चिठ्ठीत कोणाची सही आहे ते इंदुबाई वाचू शकते.

आता ती गोष्ट ऐक, दादूच्या मयताला मी का रडले त्याची. आपल्या आळीत दोन होड्या मिळून एक मोठं जाळं ओढायच्या. अर्धा दोर तुझ्या आजोबांचा, अर्धा दादूचा. निघण्याआधी किनाऱ्यावर दोर दाखवायचा. हात-हात करून पूर्ण उलगडायचा, कुठे कुजला असेल तर स्वतः बोट ठेवून दाखवायचं. भांडण असो, बोलचाल बंद असो, दोर दाखवल्याशिवाय होडी लोटायची नाही. तुझ्या आजोबांच्या दोरात हातभर तुकडा कुजला होता. त्यांनी त्यावर डांबर फासलं. म्हणाले, एवढी एक खेप होऊ दे. भर समुद्रात दोर तुटला आणि चाबकासारखा फिरून दादूच्या भावाच्या, बन्सीच्या गळ्यावर बसला. मान अर्धी कापली गेली. होडीवर रक्त, आणि बन्सी दर्यात. तिसऱ्या दिवशी सापडला, माशांनी तोंड ठेवलं नव्हतं.

आठ दिवस तुझे आजोबा म्हणत होते, दर्याने तोडला. नवव्या दिवशी सकाळी उठले, दादूच्या दारात गेले, होडीच्या काठावर उजवा हात ठेवला. म्हणाले, ‘याच हातान डांबर फासला.’ दादूने वल्हं उचललं. मी तिथेच होते, तुझा बाप पोटात. पाच घाव. सगळं गाव उभं होतं, कोणी अडवलं नाही. तुझ्या आजोबांनी हात मागे घेतला नाही. तो हात वाकला नाही रे. मोडला.

मुलांना आम्ही मारामारी म्हणून सांगितलं. मारामारीत दोघे मारतात. तिथे एकच मारत होता. त्यानंतर दादूने तीस वर्षं आपल्याबरोबर जाळं ओढलं, आणि दर खेपेला दोर दाखवायला आधी तुझे आजोबा पुढे व्हायचे, वाकड्या हाताने. सहकार्य म्हणतात ना तुमचे साहेब, ते आम्ही असं शिकलो.

चिठ्ठी त्याच डब्यात आहे. मी जाळणार नाही, आणि आज पोलिसांनाही देणार नाही. तू शेठला दिवाळीपर्यंत मुदत दिलीस ना, मग मीही देते. धनतेरसेच्या सकाळपर्यंत. ही माझी सूट. तू येऊन डबा उघड आणि काय करायचं ते तुझ्या हाताने कर. नाही आलास तर मी इंदुबाईला घेऊन ठाण्यात जाईन, आणि साहेबासमोर तुझं नाव माझ्या तोंडाने घेईन. ज्या तोंडाने तुला घास भरवले.

माझी सूट लांबत नाही.

साखरबाई

---

पालघर, दवाखाना, ता. ३० ऑक्टोबर २०२४

आजी,

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाकडं आहे, इंदुबाईंना माफ करायला सांग.

रविवारी मुरब्याला आलो तेव्हा घर उघडं होतं. तू किनाऱ्यावर बसली होतीस. मला तुझी पाठ दिसली. तू वळली नाहीस. डबा उघडला, चिठ्ठी घेतली. चूल पेटलेली होती. तू मुद्दाम पेटती ठेवली होतीस, नाही का? मी तिच्यासमोर किती वेळ बसलो ते सांगत नाही.

मग बोईसरला ठाण्यात गेलो. चिठ्ठी दिली, सूट कधी दिली, का दिली, पडद्यावरचे आकडे खोटे आहेत हे मला कधी कळलं, सगळं लिहून दिलं. वकिलाने तयार केलेला जबाब फाडला. चार तास लागले. साहेब म्हणाले, तुमच्यावरही गुन्हा लागेल. मी म्हटलं, लावा.

सोमवारी पुन्हा बोलावलं होतं. परत येताना नाक्यावर चौघांनी गाठलं. लोखंडी गज होते. आधी पाय, मग बरगड्या. रस्ता भरलेला होता, दुकानं उघडी होती. त्यांच्यातला एक खाली वाकून अगदी शांतपणे म्हणाला, ‘साइन कौनसे हाथ से करता है?’ मी खोटं बोलू शकलो असतो, आजी. डावा पुढे करू शकलो असतो. मी उजवा दाखवला. फुटपाथच्या दगडावर ठेवून मारला. मी मोजले. सात.

कैलासच्या खाटेपाशी आता पोलीस नाही. काल मला त्याच्या खोलीत चाकाच्या खुर्चीवरून नेलं. त्याच्या हातांना पट्ट्या, माझ्या हाताला प्लास्टर. तो म्हणाला, ‘दादा, कुंदनचा हात अजून माज्या हातात हाय.’

जितेश

---

मुरबे, ता. २५ नोव्हेंबर २०२४

चि. जितेशास आशीर्वाद.

तुझं अक्षर वाचता वाचता इंदुबाईचा चष्मा बदलावा लागला. डाव्या हाताने तू उजव्यापेक्षा कमी खोटं लिहितोस, एवढं मात्र तिनेही कबूल केलं.

तू दवाखान्यात होतास तेव्हा मी रोज येत होते, कैलासच्या खाटेपाशी बसत होते. तुझी खाट दोन दारं पुढे होती. आले नाही. परिचारिका विचारायची, आजी, तो दुसरा कोण तुमचा? मी म्हणायची, वळख अजून लागली नाय. आता कैलासलाही घरी सोडलं, आणि तू जामिनावर सुटून सरावलीला त्याच्याच खोलीत राहतोस, दर सोमवारी ठाण्यात जाऊन सही करतोस असं कळलं. कर. सही कशी जपून करायची ते आता तुला कोणी शिकवायला नको.

मेहुलशेठ आत गेला. खंडेराव पळाला होता, उमरगावला सापडला. नाकावर अजून माझ्या डब्याची खूण आहे म्हणे, त्यावरूनच ओळखला. तुझ्या कंपनीने फुगलेल्या बॅटऱ्यांच्या स्कूटर लोकांच्या दारातून परत मागवल्या, हे टीव्हीवर सांगितलं. त्यात तुझं मानपत्र परत मागितल्याचं नव्हतं. तू आपण होऊन दे.

मी वळून का बघितलं नाही ते विचारू नकोस. वळले असते तर तुझ्या तोंडाकडे बघून मीच ती चिठ्ठी चुलीत घातली असती. आजी आहे मी, दगड नाही. म्हणून पाठ केली.

आता काम सांगते. कुंदनच्या आईला इंदुबाईने हिंदीत पत्र लिहिलं होतं. काल तिने गावच्या दुकानातून फोन केला. पोराची मारामारी, आग, शेठ, पोलीस, काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, ‘वहाँ मेरा बेटा खाता क्या था?’ मी काय सांगणार? कुंदन सांगायचा, ती गळ्यात तुळशीची माळ घालणारी, मासळी न शिवणारी बाई, आणि तिचा लेक माझे बोंबील मोडून मोडून खायचा. मी म्हटलं, चिकू. आमच्याकडचे सुके चिकू फार आवडायचे त्याला. म्हणजे एक खोटं माझ्याही नावावर लागलं. ते तू खरं कर, तिला सुके चिकू पाठव.

बाजारातून चिकू आण, पिकायला लागलेले पण घट्ट. साल काढ, पातळ फोडी कर. एका हाताने जमणार नाही, तेव्हा चिकू कैलासला धरायला सांग. त्याची बोटं आता थोडी मिटतात. धरताना दुखेल त्याला, ओरडेल. ओरडू दे. सरावलीच्या गच्चीवर पत्र्यावर वाळत घाल, पाच दिवस, सहा दिवस, लागतील तेवढे. घाई करशील तर याद राख. मग एकेक फोड उचल आणि दोन बोटांत वाकवून बघ. वाकली तर पुन्हा उन्हात. डबा भरला की झाकण लावण्याआधी वरची नाही, मधली फोड काढून बघ. डब्यावर पाठवणाऱ्याचं नाव घाल, पूर्ण, तुझ्या डाव्या हाताने. आणि जितेश, मोडेल तीच पाठव.